प्लेअर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न वेगवेगळ्या प्लेअरचे आहेत, पण रडगाणं एकच: प्लेअर यूएसबीला लावला की कॉम्प्युटर ओळखच दाखवत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, शोधायला धावतात. त्याआधी कॉम्प्युटरचा आवाज वाढवा, प्लेअर जोडा आणि ऐका. विंडोजचा जोडणीचा आवाज आलाच नाही, तर दोष केबल, पोर्ट, बॅटरी किंवा सॉकेटचा असतो, आणि तिथे ड्रायव्हरचं काही चालत नाही. आवाज आला, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह नाही, तर वायरीतून काहीतरी जातंय. मग गोंधळ पुढे कुठेतरी आहे: मोडमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा डिस्कच्या मांडणीत.

प्रश्न: कपड्याला अडकवायचा छोटा एमपी-थ्री प्लेअर आहे. मूळ केबल हरवली. घरातल्या दुसऱ्या केबलने चार्ज होतो, गाणीही वाजतात, पण लॅपटॉपला लावल्यावर काहीच होत नाही. ना आवाज, ना ड्राइव्ह. (सांगली)

उत्तर: केबल बदलून बघा, बाकीचं नंतर. साध्या यूएसबी केबलमध्ये चार वायरी असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरवी-पांढरी ही डेटाची जोडी. ट्रिमर, टॉर्च, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक यांच्याबरोबर मिळणाऱ्या स्वस्त केबलींत पुष्कळदा लाल आणि काळी एवढ्याच घातलेल्या असतात. अशा केबलने चार्जिंग व्यवस्थित होतं, पण डेटा जायला रस्ताच नसतो. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, म्हणून माणूस फसतो.

केबल मायक्रो यूएसबीची असेल तर तिने एखादा जुना अँड्रॉइड फोन लॅपटॉपला लावा. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय आला तर केबल चांगली. नुसतं 'चार्जिंग' दिसत राहिलं तर ती केबल चार्जरच्या डब्यात टाका आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न पडणार नाही. तुमच्या प्लेअरचं तोंड जाडसर, दोन्ही बाजूंना चिमटल्यासारखं असेल तर ते मिनी यूएसबी आहे. त्यात फोनची मायक्रो केबल बसणार नाही. ती जोर लावून बसवायला जाऊन सॉकेट मोडलेले प्लेअर दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी दिसतात. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना आणि कार्ड रीडरना हीच पाच पिनांची मिनी केबल येत असे. घरातल्या कपाटात एखादी नक्की सापडेल.

मल्टिमीटर असेल तर दोन मिनिटांचं काम. केबल दोन्हीकडून सुटी करा आणि मीटर बीपवर ठेवा. मोठ्या, चपट्या टोकाला आत चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन थोड्या लांब असतात, त्या वीजपुरवठ्याच्या. मधल्या दोन आखूड, त्या डेटाच्या. लहान टोकाला पाच पिना असतात, त्यांतली दुसरी आणि तिसरी डेटाची. चौथी बहुधा रिकामीच असते. मीटरचं टोक तिथे पोचत नाही, म्हणून त्याला शिवणाची बारीक सुई धरा. मधल्या दोन्ही पट्ट्यांवर बीप मिळाला पाहिजे. बीप मिळत असतानाच केबल प्लगच्या मानेशी हलकेच वाकवून बघा. वायर तुटते ती बहुतेक तिथेच, प्लगपासून एक-दोन सेंटिमीटरवर, आणि वरचं रबर शाबूत असल्यामुळे कळत नाही.

केबल चांगली निघाली तर पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर मागचं, मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. पुढची पोर्टं आतून लांब वायरीने जोडलेली असतात आणि ती वायर ढिली निघणं नेहमीचं आहे. हब काढून टाका. त्यानंतर टॉर्च मारून प्लेअरच्या सॉकेटमध्ये बघा. खिशातला कापूस आणि धूळ आत दाबली जाऊन तिचा नमदा होतो, मग प्लग शेवटपर्यंत बसत नाही. प्लेअर बंद करून तो लाकडी टूथपिकने काढा, टाचणीने नको. प्लग घातल्यावर सॉकेट आतल्या आत डुगडुगत असेल तर बोर्डावरचा सोल्डरचा डाग सुटला आहे. ते काम मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे द्या. सॉकेटच्या पाच बारीक पायांपैकी डेटाचे दोन सुटले आणि वीजेचे जागेवर राहिले की नेमकं तुम्ही लिहिलंय तसंच होतं.

जाता जाता: तुमचा प्लेअर मेमरी कार्डावर चालणारा असेल आणि त्यात कार्ड नसेल, तर कॉम्प्युटर 'डिस्क घाला' असं म्हणतो. हा बिघाड नव्हे. अशा बऱ्याच प्लेअरना स्वतःची मेमरीच नसते.

प्रश्न: नव्या प्लेअरला टाइप-सी आहे. नव्या लॅपटॉपलाही टाइप-सीच. दोघांना सी-टू-सी केबलने जोडलं तर प्लेअर मेल्यासारखा, चार्जसुद्धा होत नाही. दुकानदार म्हणतो प्लेअर चांगला आहे. (नागपूर)

उत्तर: दुकानदार बहुधा खरं बोलतोय. टाइप-सी पोर्ट समोर कोणीतरी आहे याची खात्री पटेपर्यंत ५ व्होल्ट सोडत नाही. ही खात्री पटवायला प्लेअरच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. स्वस्त प्लेअरमध्ये उत्पादक तेवढे दोन दाणे वाचवतात आणि लॅपटॉपच्या दृष्टीने पलीकडे कोणीच नसतं. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली केबल वापरा. चपट्या पोर्टमध्ये वीज कायम असते. लॅपटॉपला चपटं पोर्टच नसेल तर टाइप-सीचं छोटं ओटीजी अडॅप्टर लावून त्यात ती केबल घाला.

प्रश्न: प्लेअर जोडल्यावर आवाज येतो आणि 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा निरोप येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३. तीन वेगवेगळी 'ड्रायव्हर अपडेट' सॉफ्टवेअर टाकून झाली. (पुणे)

उत्तर: आधी ती तिन्ही काढून टाका. कोड ४३ बरोबर 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं लिहिलेलं असेल, तर ड्रायव्हरची पाळी अजून आलेलीच नाही.

पडद्यामागे काय होतं ते बघा. प्लेअर जोडला की तो हिरव्या वायरीचं व्होल्टेज दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून वर ओढतो. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की कोणीतरी आलंय. मग कॉम्प्युटर विचारतो, 'कोण तुम्ही?' आणि प्लेअरने १८ बाइटांचं एक ओळखपत्र पाठवायचं असतं. ते आलं नाही, की कोड ४३. या क्रमातून एक उपयोगी खूण मिळते. हिरवी वायर तुटली तर प्लेअर आल्याचं कॉम्प्युटरला कळतच नाही, शांतता. पांढरी तुटली तर आल्याचं कळतं, पण बोलणं जमत नाही, आणि मग तुमच्यासारखा निरोप येतो. म्हणजे तुमची केबल अर्धी तुटलेली असू शकते. ती बदलून बघायचं राहिलं असेल तर ते पहिलं.

दुसरं कारण रिकामी बॅटरी. लिथियम बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेली की प्लेअरचा प्रोसेसर धड सुरू होत नाही. ओळखपत्र विचारलं जातं तेव्हा तो अजून उठत असतो. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर अर्धा-पाऊण तास ठेवा आणि पडदा नीट पेटल्यावरच कॉम्प्युटरला लावा. कित्येक महिने कपाटात पडलेल्या प्लेअरची निम्मी दुखणी एवढ्यावर बरी होतात.

तिसरं, प्लेअरच अडकलेला असणं. बहुतेक प्लेअरमध्ये पॉवरचं बटण १५ ते २० सेकंद दाबून धरलं की तो सक्तीने बंद होतो. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेत हीच रीत आहे. काहींच्या मागे टाचणीचं भोक असतं, तिथे 'रिसेट' लिहिलेलं असतं.

हे सगळं झाल्यावर विंडोजकडे या. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस'. यूएसबी कंट्रोलर्सच्या खाली त्या अनोळखी डिव्हाइसची नोंद आणि प्लेअरच्या जुन्या फिकट नोंदी 'अनइन्स्टॉल' करा. प्लेअर काढा, कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, लॅपटॉप असेल तर चार्जरही काढा आणि मिनिटभराने पुन्हा सुरू करा. नुसतं 'शट डाउन' केल्यावर विंडोज पुष्कळदा अर्धवट झोपतं, म्हणून 'शिफ्ट' दाबून धरून शट डाउन करा. जुने प्लेअर निळ्या यूएसबी ३ पोर्टवर रुसतात आणि काळ्या यूएसबी २ पोर्टवर गुमान चालतात, हेही करून बघा. लॅपटॉपला काळं पोर्ट नसेल तर मध्ये एखादा जुना यूएसबी २ हब घाला. सांगलीच्या वाचकांना हब काढायला सांगितला आणि तुम्हाला लावायला सांगतोय, हे मान्य. आजार वेगळा आहे.

प्रश्न: १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे, २००९ मध्ये घेतलेला. आता आयट्यून्समध्ये येत नाही. कधी कधी आतून 'टिक टिक' ऐकू येतं. आत जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही. (नाशिक)

उत्तर: शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कोणी 'रिस्टोर करा' म्हणालं तर ऐकू नका. रिस्टोर म्हणजे डिस्क पुसणं. आणि टिकटिक ऐकू येते तोवर तो गाणी ऐकायला वापरू नका. प्रत्येक फेरीला डिस्क थोडी आणखी झिजते.

वरचं होल्डचं बटण एकदा पुढे-मागे सरकवा. मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून धरा. सफरचंद दिसलं की लगेच बोटं सोडा आणि आता मधलं बटण आणि प्ले एकत्र दाबा. थोडा उशीर झाला तर आयपॉड नेहमीसारखा सुरू होतो. पुन्हा करायचं, दोन-तीन प्रयत्नांत लय सापडते. जमलं की पडद्यावर 'डिस्क मोड' असं येतं. या अवस्थेत आयपॉड गाण्यांचा मेन्यू वगैरे काही सुरू करत नाही, साध्या हार्ड डिस्कसारखा वागतो. केबल लावा. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह दिसला तर अर्धी लढाई जिंकलात.

गाणी कुठे आहेत? 'आयपॉड कंट्रोल' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करा, म्हणजे तो दिसेल. आत 'म्युझिक' फोल्डर, त्यात एफ-शून्य-शून्य पासून पुढे अनेक उपफोल्डर, आणि त्यांत चार अक्षरी निरर्थक नावांच्या फाइली. घाबरू नका, गाण्याचं आणि गायकाचं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये लिहिलेलं असतं. हा अख्खा फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा आणि मग कुठल्याही म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये टाका, नावं परत दिसतील. सगळं एकदम ओढू नका. एकेक उपफोल्डर उतरवा, कारण खराब जागी अडकलं तर निदान कुठे अडकलं ते कळतं. तो फोल्डर सोडून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं. रेकॉर्डिंग इतकी मोलाची असतील आणि टिकटिक सतत चालू असेल, तर इथेच थांबा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे जा.

प्रत घेऊन झाली की डिस्कची तब्येत तपासा. पुन्हा तसंच रिसेट करा, सफरचंद आल्यावर या वेळी मधलं बटण आणि मागे जाण्याचं बटण दाबा. निदानाचा मेन्यू येतो. त्यात मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा. तिथे 'रिअ‍ॅलॉक्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स' हे दोन आकडे बघा. पहिला आकडा म्हणजे डिस्कने आतापर्यंत बाद करून बदललेल्या जागा, दुसरा म्हणजे वाचता येईनाशा झालेल्या, निकालाची वाट बघणाऱ्या जागा. पेंडिंग शून्य नसेल आणि रिअ‍ॅलॉक्स शेकड्यांत असेल तर ती डिस्क संपली. तोशिबाची १.८ इंची डिस्क आहे ती, आतमध्ये खरोखर फिरणारी तबकडी असलेली. पडली, आपटली, उन्हात गाडीत राहिली, सगळं तिने सोसलेलं असतं.

डिस्क चांगली आणि तरी आयट्यून्समध्ये दिसत नसेल, तर कॉम्प्युटरवर 'सर्व्हिसेस'ची खिडकी उघडा आणि 'आयपॉड सर्व्हिस' सुरू आहे का बघा. नवं 'अ‍ॅपल डिव्हाइसेस' अ‍ॅप टाकलं असेल तर उपकरणांचं काम त्याच्याकडे जातं आणि आयट्यून्स हात वर करतं. मॅक असेल तर २०१९ च्या कॅटालिनापासून आयट्यून्स नाहीच. आयपॉड फाइंडरच्या डाव्या पट्टीत शोधायचा.

डिस्क बदलायची ठरली तर फिरती डिस्क पुन्हा घालू नका. एसडी कार्ड बसवायचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते मूळ डिस्कच्याच रिबनला लागतं. बॅटरी जास्त टिकते आणि आयपॉड हलका होतो. २००७ आणि २००८ च्या क्लासिकला अ‍ॅपलच्या फर्मवेअरमुळे, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरमुळे, १२८ जीबीच्या पुढे जाता येत नाही. तुमच्या २००९ च्या मॉडेलला ती अडचण नाही. उघडणं मात्र कटकटीचं. पुढचा आणि मागचा, दोन्ही पत्रे धातूचे, आतून चिमट्यांनी धरलेले. पातळ पाती कडेने घालून सावकाश सोडवावे लागतात आणि मागचा चकचकीत पत्रा वाकला की पुन्हा सरळ होत नाही. दोन्ही भाग वेगळे करताना झटका देऊ नका. बॅटरीची आणि हेडफोनची रिबन मध्ये ताणलेली असते. पहिल्यांदाच करत असाल तर दुसऱ्याच्या मेलेल्या आयपॉडवर हात बसवा.

प्रश्न: प्लेअरमधलं कार्ड जोडलं की विंडोज विचारतं, 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का?' हो म्हणू का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. 'कॅन्सल' दाबा.

या निरोपाचा अर्थ एवढाच की विंडोजला त्या कार्डाची मांडणी, म्हणजे फाइली ठेवायची पद्धत, वाचता आली नाही. कार्ड मॅकवर तयार केलेलं असेल तर आतला माल जशाचा तसा असू शकतो. मॅकवर फॉरमॅट केलेले आयपॉडही विंडोजला असेच दिसतात. उलट दिशेने अडचण नाही. विंडोजवर तयार केलेला आयपॉड मॅकला वाचता येतो. तेव्हा घरात किंवा शेजारी मॅक असेल तर आधी तिथे लावून बघा.

मग स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. कार्ड योग्य क्षमतेचं दिसतंय, मांडणी फॅट-३२ आहे, पण पुढे अक्षर नाही, असं असेल तर त्यावर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, काम झालं. मांडणीच्या जागी 'रॉ' लिहिलेलं असेल तर फाइली कुठे आहेत याचं कोष्टक बिघडलं आहे. गाणी हवी असतील तर फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि वाचलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर नाही. कार्ड शून्य बाइटचं दिसत असेल तर त्याची आतली चिप गेली. त्यापुढे घरी काही होत नाही.

नव्याने फॉरमॅट करताना फॅट-३२ निवडा. बाजारात ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट मांडणीत येतात आणि जुन्या प्लेअरना ती वाचता येत नाही. विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डाला फॅट-३२ देत नाही, म्हणून जुन्या प्लेअरसाठी ३२ जीबीचंच कार्ड घ्या. एवढ्यात साधारण चार-पाच हजार गाणी मावतात. फारच स्वस्तात मिळालेलं १२८ किंवा २५६ जीबीचं कार्ड असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड आपली क्षमता खोटी सांगतं, खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेलं हवेत जातं, आणि मग असा निरोप येतो.

प्रश्न: वॉकमन भारतातल्या लॅपटॉपवर लगेच दिसायचा. इथे घेतलेल्या लॅपटॉपवर नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव येतं, पण पिवळ्या चिन्हासकट. (श्टुटगार्ट, जर्मनी)

उत्तर: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे विंडोजच्या नावापुढे 'एन' आहे का बघा. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर मायक्रोसॉफ्टला मीडिया प्लेअर नसलेली विंडोज तिथे विकावी लागली, तीच ही 'एन' आवृत्ती. मीडिया प्लेअरबरोबर एमटीपीचा, म्हणजे प्लेअर आणि कॉम्प्युटरमध्ये फाइली पाठवायच्या पद्धतीचा, आधारही त्यातून वगळलेला आहे, आणि तुमचा वॉकमन एमटीपीनेच बोलतो. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, तिथून 'मीडिया फीचर पॅक' जोडा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. फुकट आहे.

नावापुढे 'एन' नसेल तर त्या पिवळ्या नोंदीवर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग कॉम्प्युटरवरच शोधायचा पर्याय, मग उपलब्ध यादीतून निवडायचा पर्याय, आणि यादीतून 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस'. इंटरनेटवरून काही उतरवावं लागत नाही. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या, नोंदी पुसायचे सल्लेही तुम्हाला सापडतील. ते सर्वांत शेवटी, आणि रजिस्ट्रीची प्रत घेतल्यावरच. ज्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड निवडता येतो, त्यात 'एमएससी' किंवा 'मास स्टोरेज' निवडलं की हा सगळा व्याप टळतो. मग प्लेअर पेन ड्राइव्हसारखा दिसतो.

प्रश्न: एम-वन मॅकबुकला प्लेअर लावला तर काहीच दिसत नाही. (ठाणे)

उत्तर: दोन गोष्टी. मॅकओएस व्हेंचुरापासून अ‍ॅपलच्या चिपवरचे लॅपटॉप नवी यूएसबी वस्तू जोडली की परवानगी विचारतात. लॅपटॉप लॉक असताना प्लेअर लावला तर तो प्रश्न निसटतो. उघडल्यावर पुन्हा लावा आणि 'अलाउ' म्हणा. दुसरं, मॅकला एमटीपी मुळातच येत नाही. प्लेअरला मास स्टोरेज मोड असेल तर तो निवडा, नसेल तर ओपन-एमटीपी हे फुकट अ‍ॅप वापरा.

प्रश्न: पोहताना वापरायचा, कानात बसणारा प्लेअर आहे. समुद्रावर दोन-तीन महिने वापरला. आता चार्जिंगच्या पाळण्यात ठेवल्यावर दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि कॉम्प्युटरला तर दिसत नाहीच. (मडगाव, गोवा)

उत्तर: भिंग घेऊन प्लेअरवरचे धातूचे ठिपके बघा. एखादा हिरवट किंवा काळपट झालेला आणि थोडा खड्डा पडलेला दिसेल, बहुधा ५ व्होल्टचाच. प्लेअर ओला असताना पाळण्यात ठेवला की खारं पाणी आणि वीज मिळून तो ठिपका अक्षरशः विरघळायला लागतो. पोहताना मीठ जेवढं नुकसान करतं, त्याहून जास्त पोहल्यानंतरच्या चार्जिंगमध्ये होतं.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकोरण्याच्या कापसावर घ्या आणि ठिपके घासा. कापूस हिरवा येईपर्यंत, मग पांढरा येईपर्यंत. हट्टी डागाला शाळेतला पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने चालवा. सँडपेपर नको, वरचा पातळ सोन्याचा मुलामा गेला तर पुढच्या महिन्यात पुन्हा गंज. लिंबू-व्हिनेगर नकोच. पाळण्यातल्या पिना स्प्रिंगवर असतात. प्रत्येक टूथपिकने दाबून बघा, जी परत वर येत नाही ती मिठाने धरलेली आहे. तिच्यावर अल्कोहोलचा थेंब सोडा आणि वीस-तीस वेळा दाबा. सगळं तासभर वाळू द्या, मग लावा.

इथून पुढे समुद्रातून आल्यावर प्लेअर गोड्या पाण्याने धुवायचा, टिपायचा आणि पूर्ण वाळल्यावरच पाळण्यात. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत वाळायला रात्र लागते, तेवढी द्या.

प्रश्न: मुलीचा आयपॉड शफल, जॅकमधून यूएसबीला जातो तो. केबल बाजारातून आणली, पण कॉम्प्युटरला कळत नाही. (रत्नागिरी)

उत्तर: ३.५ मिलिमीटरचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी एवढं साम्य पुरत नाही. गाडीच्या म्युझिक सिस्टिमसाठी मिळणाऱ्या तशाच केबलीत आतली जोडणी वेगळी असते. शेवटच्या शफलच्या केबलच्या जॅकवर तीन काळ्या रेघा, म्हणजे धातूचे चार भाग असतात. दोनच रेघा दिसल्या तर ती केबल याची नव्हे. जॅक शेवटपर्यंत 'टक' करून बसला पाहिजे. नाही बसला तर आत कापूस आहे, टूथपिकने काढा. त्यानंतर बटण बंदवर सरकवून दहा सेकंद थांबा, परत चालू करा आणि जोडा.

प्रश्न: वडिलांना जुनी मराठी गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा दिसणारा प्लेअर भेट दिला. त्यातली गाणी लॅपटॉपवर घ्यायची आहेत, पण केबल लावली की नुसता चार्ज होतो. केबलही बदलून पाहिली. (सातारा)

उत्तर: तुमची केबल चांगली होती. अशा प्लेअरमधली गाणी बाहेर काढता येऊ नयेत अशीच त्याची रचना असते, आणि ते छोटं तोंड फक्त चार्जिंगसाठी दिलेलं असतं. कॉम्प्युटरला तो दिसणारच नाही. उलट दिशेने मात्र वाट आहे. त्याला पेन ड्राइव्हचं मोठं तोंड असेल तर ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यावर तुमच्याकडची एमपी-थ्री गाणी टाका आणि मोड 'यूएसबी'वर फिरवा. गायकांप्रमाणे फोल्डर केले तरी असे प्लेअर पुष्कळदा फाइलींचा क्रम नावावरून किंवा टाकल्याच्या क्रमाने लावतात, म्हणून फाइलच्या नावाआधी ००१, ००२ असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने टाका. वडिलांना भूपाळी पहिली हवी असेल तर तिला ००१ द्या.